अंबादेवीचे दार आणि 'अछूत कन्या'चे देऊळ

१३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. परिषद चालू असतानाच थोरल्या बंधूंच्या निधनाची तार बाबासाहेबांच्या हाती आली, तरीही कामकाज थांबले नाही. मंदिराच्या विश्वस्तांना आणखी मुदत द्यावी आणि सत्याग्रह तूर्त पुढे ढकलावा, असे ठरले.

अस्पृश्यतेचा हाच प्रश्न नऊ वर्षांनी हिंदी बोलपटात आला. तो चित्रित करणारा दिग्दर्शक मात्र म्युनिकचा होता.

फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग ही जोडी १९२५ मध्ये हिमांशु राय यांच्या 'प्रेम संन्यास' या मूकपटासाठी भारतात आली. बुद्धचरित्रावरील या चित्रपटासाठी त्यांनी युरोपातल्यासारखे कृत्रिम देखावे उभारले नाहीत. खरे राजवाडे, खरे रस्ते आणि इथले ऊन यांवरच सारी भिस्त ठेवली. त्या काळी हे मोठे धाडस होते.

१९३४ मध्ये मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभी राहिली, तेव्हा हे दोघे पुन्हा आले. नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेतीही जर्मनच. ऑस्टेनला हिंदी येत नव्हती, तरीही पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने डझनाहून अधिक हिंदी बोलपट दिग्दर्शित केले.

त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे १९३६ चा 'अछूत कन्या'. कथा निरंजन पाल यांची, संगीत सरस्वतीदेवींचे. रेल्वेफाटकाच्या राखणदाराची मुलगी कस्तुरी झाली देविकाराणी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप झाला अशोककुमार. अशोककुमारचे खांडवा त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातच येई. हा प्रांत इतिहासजमा झाला, पण चित्रपटांच्या व्यापारात 'सी. पी. बेरार' हे क्षेत्र उरले आणि वितरकांच्या कचेऱ्यांमुळे अमरावती त्यातले मोठे ठाणे बनली.

विर्शिंगचा कॅमेरा जर्मन मूकपटांच्या शाळेत तयार झालेला. चेहऱ्यावर मोजका प्रकाश टाकायचा, बाकीची चौकट अंधाराकडे सोपवायची. हिंदी पडद्यावर ही रीत तेव्हा नवी होती. 'अछूत कन्या'ची सुरुवातच पाहावी. एक जोडपे मोटारीने येऊन फाटकाशी अडते. तिथे एका स्त्रीचे लहानसे देऊळ आहे आणि तिची कथा मग उलगडत जाते. बैलगाडी रुळांवर असताना प्रताप आणि कस्तुरीचा नवरा यांची मारामारी जुंपते. समोरून गाडी येत असते. ती थांबवायला कस्तुरी धावते आणि स्वतः तिच्याखाली सापडते.

इथेच हा चित्रपट अडचणीत टाकतो. जिवंत कस्तुरीला गावात बरोबरीची जागा नाही. मेल्यावर मात्र तिचीच देवी होते. अमरावतीच्या परिषदेने जिवंत माणसांसाठी देवीचे दार मागितले होते, चित्रपटाने मेलेल्या मुलीला देऊळ बांधून दिले. पहिली हक्काची मागणी होती, दुसरी करुणेची कथा. त्यातली करुणा खोटी होती असे नव्हे. त्या काळच्या सवर्ण प्रेक्षकाला तेवढे दाखवणेही धाडसाचेच होते. पण प्रेक्षकाला रडवून घरी पाठवणे वेगळे आणि त्याच्याकडे हिशेब मागणे वेगळे.

ऑस्टेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. 'अछूत कन्या'च्याच वर्षी, १९३६ मध्ये, तो नाझी पक्षाचा सभासद झाला. जन्मावरून माणसाला दूर लोटण्याविरुद्धचा चित्रपट आणि जन्मावरूनच माणसांची वर्गवारी करणारा पक्ष, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आहेत. कथा पाल यांची आणि धोरण राय यांचे, म्हणून दिग्दर्शकाचे मत चित्रपटातून वाचू नये, असे म्हणता येईल. ते बऱ्याच अंशी पटतेही. तरी ही नोंद त्याच्या कारकिर्दीतून पुसता येत नाही.

१९३९ मध्ये 'कंगन'चे काम चालू असताना महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत टाकले. वयामुळे ऑस्टेनची लवकर सुटका झाली. तो म्युनिकला परतला आणि १९५६ मध्ये वारला. विर्शिंगची अनेक वर्षे छावण्यांत गेली, पण सुटल्यावर तो इथेच राहिला. १९४९ च्या 'महल'मधल्या सावल्या त्याच्याच.

डिसेंबर २०१७ मध्ये पणजीच्या सेरेन्डिपिटी कला महोत्सवात विर्शिंगच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. चित्रीकरणाच्या वेळी त्याने स्वतः टिपलेली ही छायाचित्रे कुटुंबीयांनी जपून ठेवली होती. त्याचे शेवटचे मोठे काम 'पाकीझा'चे. त्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असतानाच्या काळात, १९६७ मध्ये, तो वारला. चित्रपट पडद्यावर आला १९७२ मध्ये.