नाथसागर : पाणी चढले तेव्हा

मंडळी, समुद्राचे पाणी चढते आहे, ही बातमी तुमच्या कानी आलीच असेल. गंगथडीचा शेतकरी यावर म्हणेल, "आम्हांला त्याचे काय? पैठण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. इथवर समुद्र कशाला येतो?" म्हणणे रास्त आहे. पण चढत्या पाण्यापुढे गाव सोडणे म्हणजे काय, हे पैठणच्या आसपासच्या माणसांना जितके ठाऊक आहे, तितके फार थोड्यांना असेल. तो इतिहास आज पाहू.

पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. येथला माल वीस दिवसांची वाट चालून भडोचच्या बंदरात जाई, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. अशा या नगराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर धरण बांधायचे ठरले. मूळ बेत बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळचा. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे आणि पोटात सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी! दुष्काळी मराठवाड्याला ते हवेच होते. डावा कालवा २०८ किलोमीटर गेला, उजवा १३२.

आता दुसरी बाजू पाहा. हे पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरांवर पसरले. पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे पूर्णपणे किंवा काही अंशी त्याखाली आली. गेली ती नदीकाठची काळी, कसदार जमीन. घर दुसरीकडे बांधता येते हो, पण पार, पाणवठा, शेजार आणि बांधावरचा आंबा बरोबर कसा नेणार? आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला केव्हा? १९७६ साली, म्हणजे धरणाचे उद्घाटन झाले त्याच वर्षी. पाणी पुढे, कायदा मागे!

निसर्गानेही कूस बदलली. नदीचा वाहता प्रवाह गेला, उथळ जलाशय आला. त्याच्या काठाशी रोहित आणि परदेशी बदके हिवाळ्यात उतरू लागली. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत लोक गाळपेर करू लागले. म्हणजे तीच जमीन पक्ष्यांनाही हवी आणि माणसांनाही. शिवाय धरणाच्या खालच्या अंगालाही धोका उरला. ऑगस्ट २००६ मध्ये सेकंदाला सुमारे अडीच लाख घनफूट पाणी सोडावे लागले, तेव्हा खुद्द पैठण शहरात पूर शिरला.

आता समुद्राकडे वळू. १९०१ पासून जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी वीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर वाढली आहे. उष्णतेने पाणी फुगते आणि जमिनीवरचे बर्फ वितळून त्यात भर पडते. हा वेगही वाढतो आहे. कोकणात उधाणाचे खारे पाणी बांध फोडून भातशेतीत शिरते, तेव्हा जमीन कित्येक वर्षे नापीक होते. धरणाचे पाणी निदान आखलेल्या रेषेवर थांबते. समुद्राला अशी रेषा नाही. मात्र तो हळूहळू चढतो, आणि म्हणूनच तयारीला वेळ मिळतो. तो वेळ कसा वापरावा, हे नाथसागर शिकवतो : आधी जमीन, घर आणि पोटापाण्याची सोय, मग स्थलांतर.

गुरुजनहो, १९७० च्या सुमारास दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे धाडा. बुडालेल्या गावाचे नाव, वेस, विहिरी, जत्रा, कोण कुठे जाऊन वसले, हे सारे वहीत उतरवून घ्या. उद्या कोकणातल्या एखाद्या गावावर ही वेळ आली, तर त्या वहीचा त्यांना उपयोग होईल. ही माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.