इंटरनेट जोडणीतील वारंवार खंड (घरी जुळवलेला संगणक)

सुटे भाग आणून जुळवलेल्या, म्हणजेच असेंबल केलेल्या संगणकावरील इंटरनेट काही सेकंद किंवा मिनिटे बंद पडून आपोआप परत सुरू होण्याचा दोष. तयार संगणकात मदरबोर्ड, नेटवर्क चिप आणि ड्रायव्हर यांचा मेळ उत्पादकाने तपासलेला असतो; जुळवलेल्या संगणकात ती जबाबदारी जुळवणाऱ्यावर येते. दोष संगणकात, घरातील केबल-राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनवर असू शकतो. तो यांपैकी कोठे आहे हे ठरवण्याआधी विंडोज पुन्हा टाकणे किंवा नवे भाग घेणे म्हणजे वेळ व पैसा वाया घालवणे होय.

स्थाननिश्चिती : त्याच राउटरवरील मोबाइल किंवा दुसरा संगणक त्याच क्षणी बंद पडतो का, हे प्रथम पाहावे. नंतर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग चालू ठेवावे. नेट गेल्यावर राउटर उत्तर देत असेल आणि बाहेरचा पत्ता देत नसेल, तर दोष बहुधा लाइनचा असतो. तेव्हा सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवावी. दोन्हींकडून उत्तर येऊनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएसची मांडणी तपासावी. राउटरच उत्तर देत नसेल, तर दोष संगणक, केबल किंवा राउटर यांत आहे. संगणकाला राउटरकडून पत्ता मिळाला नाही, तर विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. ही खूणही उपयोगी पडते.

केबल व पोर्ट : गिगाबिट वेगासाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी तार सैल किंवा तुटलेली असली, की जोडणीचा वेग १००० वरून १०० वर घसरतो किंवा दुवा तुटून पुन्हा जुळत राहतो. मागच्या पोर्टजवळचा दिवाही त्याच वेळी विझत असल्यास केबल आणि राउटरवरील पोर्ट बदलून पाहावे. कॅबिनेटच्या मागील पत्र्याची पट्टी बसवताना तिची बारीक जीभ नेटवर्क पोर्टमध्ये शिरलेली नाही, हेही पाहावे.

नेटवर्क चिप व ड्रायव्हर : या दोषाचे ठळक उदाहरण म्हणजे इंटेलची आय२२५-व्ही ही २.५ गिगाबिट चिप. ती २०२० मध्ये अनेक नव्या मदरबोर्डांवर आली. दोन पॅकेटांमध्ये राखायचे किमान अंतर तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत नीट राखले जात नसे. परिणामी काही राउटर व स्विचबरोबर पॅकेटे गहाळ होत. जोडणीचा वेग १ गिगाबिटवर बांधून ठेवणे हा तात्पुरता उपाय होता. मूळ दोष चिपच्या पुढील आवृत्तीत दूर करण्यात आला. तिच्यानंतरच्या आय२२६-व्ही चिपबद्दलही नेट तुटण्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा इंटेलने दिलेल्या ड्रायव्हरमध्ये ‘एनर्जी एफिशिएंट इथरनेट’ ही वीज वाचवणारी सोय बंद केलेली होती. वाहतूक नसताना दुव्याला विश्रांती देणारी ही सोय २०१० च्या ८०२.३एझेड मानकातून आली.

म्हणून ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा चिप उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ही सोय, तसेच वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाकावी. इव्हेंट व्ह्यूअरमधील दुवा तुटल्याच्या नोंदी खंडांच्या वेळांशी ताडून पाहाव्यात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही नेट तसेच तुटत असेल, तर विंडोजपेक्षा हार्डवेअरचा संशय बळावतो.

वाय-फाय : मदरबोर्डसोबत मिळणारे अँटेना मागे घट्ट बसवलेले असावेत, ते खोक्यातच राहिले तर राउटर जवळ असूनही संकेत दुबळा मिळतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ व ११ हे तीनच धरले जातात, त्यामुळे दाट वस्तीच्या इमारतींत तेथे गर्दी होते. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि यूएसबी ३.० ची उपकरणेही याच पट्ट्यात व्यत्यय आणतात. शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरावा. यूएसबी वाय-फाय अडॅप्टर असल्यास तो एक्स्टेन्शन केबलने कॅबिनेटपासून दूर ठेवावा.

उपाययोजना : एका वेळी एकच बदल करावा आणि पुरेसा काळ वाट पाहून त्याचा परिणाम लिहून ठेवावा. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण हाती लागत नाही. दोष चिपमध्येच आहे असे ठरल्यास वॉरंटीत मदरबोर्ड बदलून घ्यावा. वॉरंटी संपली असल्यास पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये स्वतंत्र नेटवर्क कार्ड बसवून मूळ चिप बायॉसमधून बंद करता येते. त्यासाठी नवा मदरबोर्ड घेण्याची गरज नसते.