मान्यतेचं शहर: म्युन्स्टर, १६४८

तारीख १५ मे १६४८. जर्मन मुलखातल्या म्युन्स्टर शहराच्या मुख्य बाजारपेठेत, कमानींच्या ओवरीखाली तुम्ही उभे आहात. अंगावर लोकरीचा काळा डगला, काखेत कातडी दप्तर, बोटांना शाईचे डाग. व्हेनिसचे वकील आल्विझे कोंतारिनी यांच्या कचेरीत तुम्ही नक्कलनवीस आहात. पाच वर्षं इकडची कागदपत्रं तिकडे उतरवून तुमचं मनगट आखडलं आहे.

मान वर केली की सेंट लाम्बर्टच्या मनोऱ्यावर तीन लोखंडी पिंजरे दिसतात. १५३६ साली या शहरात ॲनाबाप्टिस्ट या बंडखोर ख्रिस्ती पंथाच्या तीन म्होरक्यांना हाल करून मारलं आणि त्यांची प्रेतं या पिंजऱ्यांत टांगली. प्रेतं केव्हाच नाहीशी झाली, पिंजरे तसेच आहेत. चुकीच्या देवाला, किंवा बरोबर देवाला चुकीच्या पद्धतीने, भजणाऱ्याचं काय होतं हे सांगण्यासाठी ते ठेवले आहेत. आजचा समारंभ, म्हणजे स्पेन आणि डच यांच्यातल्या तहाची शपथ, याच पिंजऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे.

गर्दीतून वाट काढत नगरभवनाकडे चला. आता डोळ्यांना दिसणार नाही अशा एका गोष्टीकडे लक्ष द्या. शहराबाहेर तीस वर्षं युद्ध पेटलेलं आहे. काही प्रदेशांत निम्म्याहून अधिक माणसं तलवारीने, उपासमारीने आणि प्लेगने गेली. वाटाघाटी चालू आहेत म्हणून कोणी शस्त्र खाली ठेवलेलं नाही. येत्या जुलैत स्वीडिश फौजा प्रागचा अर्धा भाग लुटतील. पण म्युन्स्टरच्या तटाच्या आत फ्रेंच आणि स्पॅनिश, म्हणजे एकमेकांचे उघड शत्रू, एकाच बेकरीतून पाव नेतात. १६४३ साली पवित्र रोमन साम्राज्याच्या बादशहाने या शहराला शांतता परिषद संपेपर्यंत आपल्या निष्ठेच्या बंधनातून मोकळं केलं आणि शहर तटस्थ असल्याचं जाहीर झालं. तट तोच, दरवाजे तेच, नागरिकही तेच. एक जाहीरनामा वाचला गेला, सगळ्यांनी तो मानला, आणि युद्ध वेशीबाहेर थांबलं.

आत या. सभागृह लाकडी कोरीवकामाने मढवलेलं आहे आणि माणसांनी इतकं भरलं आहे की उच्छ्वासांनी खिडक्यांच्या काचा धुरकटल्या आहेत. मधल्या टेबलाजवळ स्पेनचे दोन प्रतिनिधी आहेत, पेन्यारांदाचा काउंट आणि आंत्वान ब्रुन. समोर डच प्रतिनिधी. पेन्यारांदा बायबल आणि क्रूसावर हात ठेवून शपथ घेतो, कारण तो कॅथलिक आहे. डच प्रोटेस्टंट दोन बोटं वर करून शपथ घेतात. बाहेर पिंजरे आणि आत एकाच तहासाठी घेतलेल्या दोन वेगळ्या शपथा, हे एका नजरेत मावत नाही. कोपऱ्यात गेरार्ड टेर बोर्ख नावाचा चित्रकार चेहरे न्याहाळतो आहे. हे दृश्य तो तांब्याच्या पत्र्यावर रंगवणार आहे.

तहाचं पहिलं कलम तुम्ही स्वतः उतरवून घेतलं आहे: स्पेनचा राजा मान्य करतो की डचांचे संयुक्त प्रांत हे स्वतंत्र आणि सार्वभौम आहेत.

तुमच्या शेजारी उभ्या माणसाला हे निव्वळ औपचारिक वाटतं, आणि त्याची शंका रास्त आहे. डचांनी १५८१ सालीच स्पॅनिश राजाचं आधिपत्य झुगारलं. १६०२ पासून त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पार जावा बेटापर्यंत जातात. पैसा, गलबतं, तोफा, किल्ले, सगळं त्यांच्याकडे आधीपासून आहे. मग आज त्यांना मिळालं काय?

उत्तरासाठी एकोणचाळीस वर्षं मागे जा. १६०९ साली अँटवर्पमध्ये बारा वर्षांची युद्धबंदी झाली, तेव्हा स्पेनने डचांशी करार केला तो ते 'जणू' स्वतंत्र प्रांत आहेत अशा भाषेत. त्या 'जणू'त सारा अपमान होता, आणि पुढच्या युद्धाची तजवीजही. ज्याला तुम्ही बंडखोर मानता त्याच्याशी तह करायचा नसतो, फक्त दम खायचा असतो. बारा वर्षं सरताच १६२१ मध्ये युद्ध पुन्हा जुंपलं. आज 'जणू' गेला. या घटकेपासून डच खलाशी स्पेनच्या लेखी राजद्रोही उरत नाही, तो परक्या राज्याचा प्रजाजन होतो. स्पॅनिश बंदरं त्याला खुली होतात. डच तोफांची संख्या काल होती तेवढीच आज आहे. बदललं ते समोरच्याच्या लेखी डच कोण आहेत, एवढंच.

हे तुम्हाला खरं तर १६४६ च्या जानेवारीतच दिसायला हवं होतं. डच वकील आद्रियान पाव सहा घोड्यांच्या बग्गीतून शहरात शिरला, बरोबर बायको आणि नात होती, आणि टेर बोर्खने तेही चित्र काढलं. सहा घोडे ही मुकुटधारी राजाच्या राजदूताची खूण. व्हेनिसच्या वकिलाला जो मान, जे संबोधन, तेच आम्हाला, असा डचांचा हट्ट होता, आणि तो पुरवला गेला. तुमच्या कचेरीतले तरुण या मानपानाला कंटाळतात: कोणी कोणाच्या दारात आधी उतरायचं, कोणाला उजव्या हाताला बसवायचं, पत्राच्या शिरोभागी काय लिहायचं. मला ही चिडचिड समजते, पण मान्य नाही. लोक मरत असताना बग्गीच्या घोड्यांवर वाद घालणं क्रूर दिसतं खरं. तरीही ज्या जगात राज्यांच्या वर बसून निवाडा करणारं कोणी नाही, तिथे कोण राज्य आणि कोण बंडखोर हे याच वागण्यातून ठरत होतं. पावच्या घोड्यांनी १६४६ मध्ये जे रस्त्यावर मिरवलं, तेच पहिल्या कलमाने १६४८ मध्ये कागदावर घेतलं.

इथून पॅरिसकडे नजर टाका. तिथे इंग्लंडमधून पळून आलेला थॉमस हॉब्ज राहतो आहे. १६५१ मध्ये त्याचा 'लेव्हायथन' छापला जाईल. त्यात राजे एकमेकांवर शस्त्र रोखून, डोळ्यांत डोळे घालून उभे असलेल्या योद्ध्यांसारखे दिसतात, कारण त्यांच्यावर कोणी धनी नाही. तीन शतकांनंतर केनेथ वॉल्ट्झ १९७९ च्या आपल्या ग्रंथात याच अराजकावर आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धान्त उभारतो. वर सत्ता नाही, म्हणून प्रत्येकाने स्वतःचं रक्षण करावं, आणि बळाची वाटणी कशी आहे त्यावर बाकी सगळं ठरतं. याउलट राज्यांचं जग त्यांच्या परस्पर मान्यतेतून रचलं जातं, या विचाराला १९८९ मध्ये निकोलस ओनुफ 'रचनावाद' हे नाव देतो, आणि १९९२ मध्ये अलेक्झांडर वेंट म्हणतो की राज्यं अराजकाचं जे करतील तेच अराजक असतं. पुढे तो एक साधं उदाहरण देतो. ब्रिटनकडची पाचशे अण्वस्त्रं अमेरिकेला जेवढी धोक्याची वाटत नाहीत, तेवढी उत्तर कोरियाकडची पाच वाटतात. शस्त्र तेच, पण ते कोणाच्या हातात आहे आणि तो आपला कोण लागतो, यावरून भीती ठरते.

जॉन सर्ल हा तत्त्वज्ञ १९९५ मध्ये याच्या मुळाशी जातो. डोंगर कोणी मानला नाही तरी डोंगरच राहतो, पण चलनी नोट, लग्न, सरहद्द या गोष्टी सगळे मिळून मानतात तोवरच असतात. त्याआधी हेगेलने १८०७ मध्ये सांगितलं होतं की दुसऱ्याने ओळखल्याशिवाय स्वत्व पुरं होत नाही. हॉब्जचं भय खोटं नाही. पण तो पॅरिसमध्ये असताना इकडे म्युन्स्टरमध्ये कोणीही धनी नसताना माणसं एकमेकांना दर्जा देत होती, आणि तो दर्जा टिकत होता. ज्यांना हॉब्ज वाचून पुरेसं झालं असं वाटतं, त्यांनी या सभागृहात एक तास उभं राहावं.

आता ज्यांना आत बोलावलं नाही त्यांच्याकडे चला. शहरात पोर्तुगीज वकीलही आहेत. १ डिसेंबर १६४० ला त्यांनीही याच स्पॅनिश राजाविरुद्ध उठाव केला. त्यांच्याकडे स्वतःचा राजा आहे, सैन्य आहे, ब्राझीलपासून गोव्यापर्यंत पसरलेली सत्ता आहे. तरी परिषदेत त्यांना राज्य म्हणून जागा नाही. फ्रेंच आणि स्वीडिश मित्रांच्या आडोशाने ते इथे टिकून आहेत, कारण स्पेन त्यांना बंडखोर प्रांत समजतो. डचांना मिळालं ते पोर्तुगिजांना लिस्बनच्या तहाने १६६८ मध्ये मिळेल. ही वीस वर्षं निव्वळ कागदी नव्हती. गोव्यात मांडवी नदीच्या काठीही त्यांची झळ पोचली. पोर्तुगीज राजाने नेमलेल्या बिशपांना पोपने मंजुरी नाकारली, आणि वसाहतींतली धर्मपीठं वर्षानुवर्षं रिकामी राहिली. गोव्याचं आर्चबिशपपीठही त्यांतलंच. राजा राजा आहे की नाही याचा निकाल माद्रिद आणि रोममध्ये लागायचा होता, आणि तोवर गोव्यातल्या चर्चला आर्चबिशप मिळत नव्हता.

रचलेलं म्हणजे लवचीक, मनात आणलं की मोडता येणारं, असा समज झाला असेल तर अँटवर्पला जा. शेल्ट नदी पूर्वीसारखीच समुद्राकडे वाहते. पण तहाच्या एका कलमाने ती सागरी जहाजांसाठी बंद ठेवली. एकेकाळी युरोपच्या व्यापाराची राजधानी असलेल्या या शहराचं बंदर पुढची जवळजवळ दीडशे वर्षं ओस पडलं. वाट अडवली ती खडकाने नाही, गाळाने नाही, एका कलमाने. अँटवर्पच्या गोदीतल्या हमालाला ते खडकाहून कठीण वाटलं असेल.

ऑक्टोबरची २४ तारीख येते तेव्हा तुम्ही थकलेले आहात. बादशहाचे फ्रान्स आणि स्वीडनशी तह होतात, वकिलांच्या बिऱ्हाडांवर सह्या पडतात, तटावरून तोफा सलामी देतात. तुमच्या काळातल्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की याच दिवशी सार्वभौम राज्यांची व्यवस्था जन्मली. तुमच्या दप्तरातल्या नकला तसं म्हणत नाहीत. जर्मन संस्थानिकांना आपसांत आणि परक्यांशी करार करण्याची मुभा आहे, पण बादशहा आणि साम्राज्याविरुद्ध नाही. साम्राज्य पुढे १८०६ पर्यंत जगेल. १९४८ मध्ये अभ्यासक लिओ ग्रॉस या तहाला नव्या जगाचं भव्य प्रवेशद्वार ठरवतो आणि २००१ मध्ये आंद्रेआस ओसियांडर दाखवून देतो की ही बरीचशी दंतकथा आहे. मला ओसियांडरचं म्हणणं पटतं. पण दंतकथेनेही काम केलं. कित्येक पिढ्यांचे मुत्सद्दी ती मानून वागले, आणि वागता वागता तिच्यासारखंच काहीतरी उभं राहिलं.

एक माणूस मात्र सलामीत सामील नाही. फाबिओ किजी, पोपचा दूत आणि कोंतारिनींबरोबर परिषदेतला दुसरा मध्यस्थ. प्रोटेस्टंटांबरोबर एका खोलीत बसायला त्याने सतत नकार दिला. स्वीडिश वकिलांसाठी पन्नासेक किलोमीटरवरचं ओस्नाब्रुक वेगळं ठेवावं लागलं त्यामागे हाही पेच होता. या शहराच्या पावसाला कंटाळून त्याने लॅटिन कविता लिहिल्या. पाच वर्षं राबून झालेल्या तहाविरुद्ध तो आता लेखी निषेध नोंदवतो, कारण या तहाने चर्चच्या मालमत्ता पाखंड्यांच्या हाती कायमच्या जातात. पुढे पोप दहाव्या इनोसंटचं २६ नोव्हेंबरची तारीख घातलेलं आज्ञापत्र तह शून्यवत ठरवतं. पूर्वी अशाच शब्दाने पोपांनी बादशहांना पदच्युत ठरवलं होतं.

तुमच्या दप्तरातल्या ओस्नाब्रुकच्या तहात एक कलम आधीच घातलेलं आहे: कोणीही, धर्मपीठानेही, निषेध केला तरी तो या तहाला बाधणार नाही. ते मान्य करणाऱ्यांत कॅथलिक बादशहाचे सेवकही होते, दर रविवारी मिस्साला जाणारे. किजीचा निषेध त्यांनी आदराने स्वीकारला, दप्तरी लावला आणि सैन्यं माघारी नेण्याची बोलणी पुढे चालू ठेवली.