गुप्तवार्ता यंत्रणांवरील विधिमंडळीय नियंत्रण
राज्याच्या सुरक्षिततेसाठी गुप्तपणे काम करणाऱ्या यंत्रणांवर लोकप्रतिनिधींनी ठेवावयाची देखरेख. अमेरिकेत सिनेटने १९७६ मध्ये व प्रतिनिधिगृहाने १९७७ मध्ये यासाठी समित्या नेमल्या. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने संसद सदस्यांची समिती स्थापन झाली. भारतात गुप्तवार्ता विभाग (१८८७) किंवा ‘रॉ’ (१९६८) यांची स्थापना संसदेच्या कायद्याने झालेली नाही. त्यांना वैधानिक चौकटीत आणू पाहणारे मनीष तिवारी यांचे २०११ चे खाजगी विधेयक संमत झाले नाही. दूरध्वनी गुप्तपणे ऐकण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुनर्विलोकन समितीचे बंधन घातले. तथापि तीत सचिवांचाच समावेश होता.

या संदर्भात महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मोक्का) लक्षणीय ठरतो. त्यानुसार संभाषण ऐकण्यास गृहविभागाच्या सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते व ती एका वेळी साठ दिवसांपुरतीच असते. प्रत्येक आदेश मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती तपासते. शिवाय किती अर्ज आले, किती मंजूर वा नामंजूर झाले, त्यांवरून किती खटले व शिक्षा झाल्या, यांचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवणे कलम २७ अन्वये शासनावर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये संभाषण ऐकण्याविषयीची कलमे राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध मानली.

या व्यवस्थेस मर्यादाही आहेत. सुरक्षिततेस बाधक वाटणारा मजकूर शासन अहवालातून वगळू शकते आणि अहवालाची छाननी करणारी स्वतंत्र समिती कायद्याने नेमलेली नाही. ज्याचे संभाषण ऐकले गेले, त्याच्यावर खटला न झाल्यास ते त्याला सहसा कळत नाही. त्यामुळे तो दादही मागू शकत नाही. वसई-विरारचा पोलीस कारभार ठाणे जिल्ह्याकडून २०१४ मध्ये नवनिर्मित पालघर जिल्ह्याकडे व २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे गेला. परवानगीचा व तपासणीचा अधिकार मात्र मंत्रालयातच राहिला. अशा नागरिकाच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम त्याच्या आमदारालाच करावे लागते व त्यासाठी त्याच्या हाती येणारा आधार म्हणजे हा अहवाल होय.