कीटकांच्या अन्नमार्गातील पाचक विकरे : संशोधनाचा इतिहास आणि मराठवाड्यातील बोंडअळी

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील बिलोली परिसरात कापूस, तूर, हरभरा ही पिके घेतली जातात. या तिन्हींवर हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही एकच अळी जगते. कापसावर तिला हिरवी बोंडअळी, तर हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतात. इतके भिन्न अन्न ती कसे पचविते, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या पाचक विकरांत आहे.

अळी आणि पतंग :
अळीचे मध्यांत्र अल्कधर्मी असून त्यात ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन वर्गातील प्रथिनभेदक विकरे विपुल असतात. पतंग मात्र मकरंद शोषतो. त्यास प्रामुख्याने शर्कराभेदक विकरांची गरज असते. पिकाची हानी होते ती अळीच्या अवस्थेत.

संशोधनाचे टप्पे :
1945 मध्ये कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील ट्रिप्सिन निरोधक स्फटिकरूपात वेगळा केला. 1972 मध्ये ग्रीन व रायन यांनी कीटकांनी कुरतडलेल्या पानांत असे निरोधक वाढतात, हे दाखविले. 1987 मध्ये चवळीतील निरोधकाचे जनुक तंबाखूत घालण्यात आले. वनस्पतीचेच शस्त्र अळीविरुद्ध वापरता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गिरी, गुप्ता, रांजेकर व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये या आशेची मर्यादा दाखविली. घाटेअळीची विकरेच हरभऱ्यातील निरोधक निष्प्रभ करू शकतात, असे त्यांना आढळले. अळीच्या नेहमीच्या आहारात नसलेल्या वनस्पतींतील निरोधक आलटून पालटून वापरावे लागतील, असा निष्कर्ष त्याच गटाने 1999 मध्ये मांडला.

बीटी कापूस :
मार्च 2002 मध्ये भारतात बीटी कापसास मान्यता मिळाली. बीटी प्रथिनाची विषारी क्रियाही अन्नमार्गातच घडते. अळीची स्वतःची विकरे त्यास सक्रिय करतात व ते आतड्याच्या पेशींवरील ग्राहकांना चिकटते. मात्र गुलाबी बोंडअळीत या ग्राहकांत बदल झाले. गुजरातेतील प्रतिकारक्षमता 2010 मध्ये जाहीर झाली आणि 2017 मध्ये महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान झाले.

समारोप :
निरोधक असो वा विष, एकाच उपायावर विसंबल्यास अळी त्यातून मार्ग काढते, हे या इतिहासाचे सार होय. म्हणून आश्रय पिके, वेळेवर फरदड काढणे व कामगंध सापळे हे साधे उपाय प्रयोगशाळेतील शोधांइतकेच महत्त्वाचे ठरतात. बिलोलीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न शेवटी या सूक्ष्म रासायनिक संघर्षाशीच बांधलेले आहे.