रूपापेक्षा करुणा श्रेष्ठ : अ‍ॅना स्यूएल यांच्या 'ब्लॅक ब्यूटी'चा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे नागरी जीवन घोड्यांच्या श्रमावर उभे होते. प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारा मार्टिन कायदा १८२२ साली संमत झाला आणि १८२४ साली लंडनमध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था स्थापन झाली. तथापि, कायद्याचा रोख प्रामुख्याने उघड मारहाणीवर होता. प्रतिष्ठेच्या नावाखाली होणारा छळ समाजमान्यच राहिला. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या कादंबरीने नेमक्या याच छळाकडे लक्ष वेधले.

लेखिका व ग्रंथ :
अ‍ॅना स्यूएल यांचा जन्म १८२० साली यारमथ येथे क्वेकर कुटुंबात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेल्या दुखापतीमुळे त्यांना आयुष्यभर नीट चालता आले नाही. प्रवासासाठी घोडागाडीवर अवलंबून राहावे लागल्याने अश्वस्वभावाशी त्यांचा निकटचा परिचय झाला. आजारपणात लिहिलेली ही त्यांची एकमेव कादंबरी होय. प्रकाशनानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १८७८ मध्ये, त्यांचे निधन झाले. आज हा ग्रंथ बालसाहित्यात गणला जातो. परंतु मूळ हेतू घोडे हाताळणाऱ्यांच्या मनात सहानुभूती जागविण्याचा होता. म्हणूनच निवेदन घोड्याच्याच मुखातून केलेले आहे.

सौंदर्याची किंमत :
श्रीमंतांच्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांना 'बेअरिंग रेन' हा जादा लगाम लावण्याची प्रथा होती. त्यामुळे मान कमानीसारखी उंच राहून घोडा रुबाबदार दिसे. मात्र चढावर ओझे ओढताना त्याला मान खाली घालता येत नसे. श्वास कोंडे व मानेवर ताण पडे. कादंबरीतील उमराव स्त्री केवळ शोभेसाठी हा लगाम अधिकाधिक आवळावयास लावते, तेव्हा 'जिंजर' ही घोडी बंड करते. 'सर ऑलिव्हर' या घोड्याची शेपटी फॅशनपायी कापली गेल्याने त्याला माश्याही वारता येत नाहीत. याउलट जेरी बार्कर हा गरीब गाडीवान घोड्याला सन्मानाने वागवितो. येथे सौंदर्य व करुणा यांची तुलना वर्गीय संदर्भात येते. विशेष म्हणजे, गाडीच्या रोजच्या भाड्यापायी घोड्याला राबवावे लागणारा गाडीवानही लेखिकेने दाखविला आहे. क्रौर्याचे मूळ केवळ दुष्ट स्वभावात नसून आर्थिक व्यवस्थेतही असते, याची जाणीव त्यातून होते.

प्रभाव व मर्यादा :
१८९० साली जॉर्ज एंजेल यांनी अमेरिकेत या ग्रंथाचा प्रसार मोहिमेच्या स्वरूपात केला. परंतु प्रथा बदलण्याचे सर्व श्रेय एका ग्रंथास देणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. एडवर्ड फ्लॉवर यांनी कादंबरीपूर्वीच या लगामाविरुद्ध चळवळ आरंभिली होती; पुढे मोटारीच्या आगमनाने घोडागाडीच मागे पडली. घोड्यांची शेपटी कापण्यास ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी येण्यास तर १९४९ साल उजाडावे लागले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कायद्याच्या आधी दृष्टी बदलावी लागते. लोक ज्याला रुबाब मानत होते, ती वस्तुतः वेदना आहे, हे या ग्रंथाने वाचकांना दाखविले. बालसाहित्य म्हणून दुर्लक्षिल्या जाणाऱ्या अशा ग्रंथांकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.