ऊतिपेढी (संशोधनासाठी)

शस्त्रक्रियेत काढलेल्या किंवा शवविच्छेदनात मिळालेल्या ऊती, संबंधित रुग्णाच्या वैद्यकीय माहितीसह, पुढील संशोधनासाठी जतन करणारी व्यवस्था. त्वचापेढी व नेत्रपेढीतील ऊती दुसऱ्या रुग्णाला उपयोगी पडतात. येथील ऊती प्रयोगशाळेत जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या गाठींचे असे राष्ट्रीय भांडार आहे.

पेढी उभारायची म्हणजे महागडी शीतकपाटे घ्यायची, असा समज असतो. खरी भिस्त पॅथॉलॉजिस्टवर असते. काढलेल्या गाठीवर पहिला हक्क निदानाचा. त्यातून उरेल तेवढेच पेढीचे. रक्तपुरवठा तुटताच पेशींतील आरएनए व प्रथिने बदलू लागतात. त्यामुळे रक्तपुरवठा तुटल्यापासून नमुना गोठवेपर्यंत किती मिनिटे गेली, याची नोंद ठेवावी लागते. ती नसेल तर दिसणारा बदल रोगाचा की दिरंगाईचा, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

नमुना सहसा द्रव नायट्रोजनमध्ये (उणे १९६° से.) झटकन गोठवून उणे ८०° से. किंवा त्याहून कमी तापमानात ठेवतात. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेल्या ठोकळ्यांना मात्र वीज लागत नाही. त्यांतील आरएनएचे तुकडे होतात, तरी ते टाकाऊ नव्हेत: १९१८ च्या साथीत मेलेल्या एका अमेरिकी सैनिकाच्या अशाच जपलेल्या फुप्फुस-ऊतीतून जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने १९९७ मध्ये त्या इन्फ्लुएंझा विषाणूच्या जनुकांचे अंश वाचले.

संमतीचा प्रश्न यंत्रांहून नाजूक. लिव्हरपूलच्या आल्डर हे बालरुग्णालयात मृत मुलांचे अवयव पालकांना न कळवता ठेवून घेतल्याचे उघड झाले आणि त्या क्षोभातून ब्रिटनचा २००४ चा मानवी ऊती कायदा आला. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जैवपेढ्यांनाही लागू आहेत. भविष्यातले संशोधन आज ठाऊक नसते. म्हणून दाता व्यापक संमती देऊ शकतो किंवा ती ठरावीक रोगापुरती मर्यादित ठेवू शकतो. दिलेली संमती मागेही घेता येते. नाव झाकून नमुन्याला संकेतांक देतात, आणि त्याची किल्ली संशोधकाच्या हाती न देणे हे उत्तम.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. अशा पेढीला रोगग्रस्त मेंदूंइतकेच तुलनेसाठी निरोगी मेंदूही हवे असतात. ते शस्त्रक्रियेतून मिळत नाहीत. त्यासाठी शवागाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांशीच बोलावे लागते.